वाचकांचे प्रश्न: आयटीतला नवा प्रोजेक्ट मॅनेजर नक्की करतो काय?

आयटीतल्या नोकऱ्यांबद्दल प्रश्न पाठवा असं आम्ही सांगितलं होतं, तर बरेचसे प्रश्न फिरून फिरून एकाच ठिकाणी आले, पहिल्यांदाच प्रोजेक्ट मॅनेजर झालेल्या किंवा होऊ पाहणाऱ्या माणसाचं काम. म्हणून यावेळचा पूर्ण कॉलम त्यालाच दिलाय. नावं आणि कंपन्या काढून टाकल्यात, गावं तेवढी ठेवलीत.

ताई, मी हिंजवडीत एका सर्व्हिस कंपनीत टेस्टिंगला आहे, चार वर्षं झाली. आता मॅनेजर म्हणतायत की असोसिएट प्रोजेक्ट मॅनेजर हो. आमच्या टीममध्ये पीएम म्हणजे दिवसभर 'अपडेट काय' विचारणारा माणूस अशीच इमेज आहे, त्यामुळे धाकधूक होते. दिवसभर नक्की करायचं काय असतं? हो म्हणू का?
(एक वाचक, मूळचा सातारा, सध्या पुणे)

टीमचा वैताग मला कळतो, कारण दिवसातून तीनदा अपडेट मागणारे पीएम खरंच असतात आणि त्यांच्या विचारण्याने काम एक तासही लवकर होत नाही. आधी एक समजून घे, तुला ज्या लेव्हलला बोलावतायत तिथे पूर्ण प्रोजेक्ट तुझा नसतो, वर सिनियर पीएम किंवा डिलिव्हरी मॅनेजर असतो, पैशाचं बोलणं त्याचं, कोणाला टीममध्ये घ्यायचं कोणाला सोडायचं तेही त्याचंच. तुझ्याकडे एखादं मोड्यूल किंवा छोटा प्रोजेक्ट आणि सहा-आठ जणांची टीम येते. अधिकार फारसा नसतो पण माहिती सगळी तुझ्याकडून जाते, आणि माझ्या मते या नोकरीचा गाभा तिथेच आहे: क्लायंटला जी तारीख दिलीय ती आज खरी आहे का, हे सगळ्यांच्या आधी तुला कळलं पाहिजे आणि ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला तू ते वेळेत सांगितलं पाहिजेस.

आता दिवस कसा जातो ते सांगते. सकाळी स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, तो पंधरा मिनिटांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही, कोण कुठे अडकलंय एवढं कळलं की बास. मग जिराचा, म्हणजे कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरचा, बोर्ड बघायचा, कोणतं तिकीट, म्हणजे नोंदवलेलं काम, तीन दिवस हललेलं नाही ते शोधायचं आणि त्या माणसाला ग्रुपवर न विचारता बाजूला जाऊन विचारायचं, कारण ग्रुपवर सगळे 'ऑन ट्रॅक' म्हणतात आणि बाजूला गेलं की खरं कळतं, की अरे क्लायंटने टेस्ट डेटाच दिलेला नाही किंवा फायरवॉल उघडून मिळालेली नाही. दिवसाचा मोठा भाग असल्या अडलेल्या गोष्टी सोडवण्यात जातो. नवीन जॉइन झालेल्या डेव्हलपरला क्लायंटचा लॉगिन आयडी मिळालेला नाही, व्हीपीएन चालत नाही, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन अडकलंय, अशात तो पोरगा आठवडाभर नुसता बसून राहतो आणि प्लॅनमध्ये मात्र तो पहिल्या दिवसापासून काम करताना दिसतो. हे फोन करून, तिकीट टाकून, समोरच्या टीमला दहा वेळा आठवण करून सोडवायचं असतं आणि ते तू केलं नाहीस तर दुसरं कोणी करत नाही.

मीटिंग झाली की मिनिट्स त्याच दिवशी पाठवायच्या, त्यात काय बोलणं झालं याचं रामायण नको, काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत एवढंच. क्लायंट दोन महिन्यांनी म्हणतो की हे तर आधीच ठरलं होतं, तेव्हा तोच मेल कामाला येतो. आठवड्याला स्टेटस रिपोर्ट. महिन्याच्या शेवटी टाइमशीट, आणि हे लोक फार हलकं घेतात पण टाइम अँड मटेरियलच्या प्रोजेक्टमध्ये बिलिंग तासांवर होतं, क्लायंटने टाइमशीट अप्रूव्ह केली नाही तर इन्व्हॉइस जात नाही, म्हणजे टीमने महिनाभर राबून पैसा अडकला तो एका विसरलेल्या क्लिकमुळे.

आणि सुट्ट्यांचं कॅलेंडर! पुण्या-मुंबईच्या टीममध्ये गणपतीच्या आठवड्यात कोकणातली अर्धी माणसं गावी जाणार हे सगळ्यांना माहीत असतं, प्लॅनमध्ये मात्र कोणी लिहीत नाही. दिवाळीचं तेच. तिकडे अमेरिकेतला रिटेल क्लायंट असेल तर नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधीपासून ते जानेवारीपर्यंत बऱ्याच ठिकाणी कोड फ्रीझ असतो, नवीन काही लाइव्ह करू देत नाहीत. म्हणजे ऑक्टोबरअखेरचं रिलीज दिवाळीमुळे दहा दिवस घसरलं तर ते दहा दिवस न राहता थेट जानेवारीवर जातं. वर्षाच्या सुरुवातीला या दोन्ही देशांच्या सुट्ट्या एका एक्सेलमध्ये शेजारी शेजारी मांड, त्या एका शीटने तुझी निम्मी भांडणं टळतील.

तारीख खरी आहे का हे कळायला थोडं गणितही लागतं, अवघड नाही. समज दुसऱ्या व्हेंडरकडून एपीआय, म्हणजे दोन सॉफ्टवेअरना एकमेकांशी बोलायचं साधन, यायला १० दिवस, तोपर्यंत तुमच्या टीमला स्क्रीन बनवायला ८ दिवस, ही दोन्ही कामं बरोबर चालू. मग जोडणी ५ दिवस आणि क्लायंटची यूएटी, म्हणजे क्लायंट स्वतः वापरून बघतो ती तपासणी, १० दिवस. एकूण कामाचे दिवस २५, म्हणजे पाच आठवडे, कारण १० अधिक ५ अधिक १०. आता तुझ्या टीमला स्क्रीनला दोन दिवस उशीर झाला तर शेवटची तारीख हलत नाही, पण व्हेंडरला एक दिवस उशीर झाला की ती एक दिवस पुढे जाते. याला क्रिटिकल पाथ म्हणतात, १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या कारखान्यांच्या कामासाठी ही पद्धत निघाली आणि आजही तितकीच उपयोगी आहे. बरेच नवे पीएम आपल्या टीमच्या मागे लागतात कारण ती समोर बसलेली असते, आणि ज्या व्हेंडरवर सगळं अडलंय त्याला आठवड्यातून एक मेल करतात.

तर हो म्हण. तू टेस्टर आहेस हा तुझा मोठा फायदा आहे, 'झालं' आणि 'खरंच झालं' यातला फरक तुला चार वर्षं रोज दिसलाय. 'किती टक्के झालं' असं कधी विचारू नकोस, ८० टक्क्यांवर कामं महिनाभर बसून राहतात. 'काय राहिलंय आणि जे झालंय ते मला चालवून दाखवशील का' असं विचार. फक्त एक आधी विचारून घे, मॅनेजरला लाजायचं कारण नाही: हे पद नुसतं नावाला आहे का, म्हणजे टेस्टिंगही तूच करायचं आणि वर पीएमचंही, असं आहे का? असं असेल तर तीन-चार महिन्यांची मुदत ठरवून घे, नंतर टेस्टिंग दुसऱ्याकडे द्यायचं, आणि ते मेलवर असू दे.

सहा महिन्यांपूर्वी ज्युनियर पीएम झाले. सेल्सने क्लायंटला महिनाअखेरची तारीख देऊन टाकलीय, टीम म्हणते कमीत कमी तीन आठवडे जास्त लागतील. माझे मॅनेजर म्हणतात रिपोर्टमध्ये ग्रीनच (म्हणजे सगळं वेळेवर आहे) ठेव, पुढच्या आठवड्यात बघू. असं तीन आठवडे चाललंय. मला झोप लागत नाही. नवीन आहे म्हणून गप्प बसू का?
(एक वाचक, नागपूर)

गप्प बसू नकोस, पण मॅनेजरला डावलून क्लायंटला मेलही करू नकोस, दोन्हीत नुकसान तुझंच आहे.

आधी 'टीम म्हणते' याचं कागदावर काहीतरी कर. नुसतं 'शक्य नाही' म्हटलं की मॅनेजर म्हणणार टीम नेहमीच रडते. उरलेली कामं लिहून काढ, प्रत्येकाला किती दिवस आणि कोण करणार ते डेव्हलपरकडूनच घे, सुट्ट्या टाक, टेस्टिंग आणि बग फिक्सिंगचे दिवस टाक, बऱ्याचदा तेच विसरलेले असतात. बेरीज केल्यावर जी तारीख येईल ती तुझी तारीख. मग रिपोर्ट जायच्या आदल्या दिवशी मॅनेजरकडे वेळ माग, आणि नुसता प्रॉब्लेम घेऊन जाऊ नकोस. महिनाअखेर हवीच असेल तर कोणती फीचर्स त्या तारखेला देता येतील आणि कोणती दुसऱ्या टप्प्यात टाकावी लागतील, सगळं हवं असेल तर तारीख कोणती, आणि मधेच काही वाढीव कामं घुसलीयत का ज्यांची चेंज रिक्वेस्ट, म्हणजे वाढीव कामाची लेखी मागणी, कधी केलीच नाही. ही शेवटची गोष्ट नीट बघ, कारण फिक्स्ड प्राइसच्या प्रोजेक्टमध्ये क्लायंटचा प्रत्येक 'एवढं छोटंसं करून द्या ना' कोणीतरी हो म्हणून घेतलेला असतो आणि तीन आठवड्यांचा उशीर त्यातनंच आलेला असतो. मॅनेजरलाही वर तोंड द्यायचं असतं, त्याच्या हातात असा एक कागद दिलास तर बऱ्याचदा तो रंग स्वतःच बदलतो.

आणि तरी तो म्हणाला ग्रीनच, तर? माझं मत स्पष्ट आहे. जो रंग खोटा आहे हे तुला माहीत आहे तो तुझ्या नावाने जाणाऱ्या रिपोर्टवर टाकू नकोस. तू अंबर (धोका आहे) किंवा रेड (वेळेत होणार नाही) टाकून ड्राफ्ट त्याला पाठव, मेलमध्ये दोन ओळीत कारण लिही, 'आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे अंतिम निर्णय तुमचा' असं लिही, आणि पुढे पाठवायचा तर त्याला पाठवू दे. रिस्क लॉगमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या धोक्यांच्या नोंदवहीत, त्याच दिवशीच्या तारखेने नोंद कर. यात उद्धटपणा कुठेच नाही, आणि नंतर कोणी विचारलं की आधी का नाही सांगितलं, तर उत्तर तयार आहे.

हे इतकं ठासून सांगतेय कारण वरचे लोक खालच्या 'रेडी आहे' वर विश्वास ठेवून निर्णय घेतात आणि मग काय होतं याची मोठी उदाहरणं आहेत. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेला ५२ लाख ग्राहक लॉइड्सच्या जुन्या सिस्टिमवरून आपल्या तेव्हाच्या मालक बँकेच्या, म्हणजे स्पेनच्या साबादेलच्या, नव्या प्लॅटफॉर्मवर न्यायचे होते. आधीची तारीख नोव्हेंबर २०१७ होती, ती पुढे ढकलली आणि एप्रिल २०१८ च्या एका वीकेंडला मायग्रेशन केलं. डेटा नीट हलला, पण प्लॅटफॉर्म लगेचच कोलमडायला लागला, लाखो लोकांना स्वतःच्याच खात्यात शिरता येईना, आणि कारभार पूर्ववत व्हायला त्या वर्षीचा डिसेंबर उजाडला. २०२२ मध्ये तिथल्या नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पाउंडांवर दंड केला आणि २०२३ मध्ये तेव्हाचे सीआयओ, म्हणजे आयटीचे प्रमुख, कार्लोस अबार्का यांना व्यक्तिशः ८१,६२० पाउंड. त्यांच्यावरचा ठपका वाचण्यासारखा आहे: प्लॅटफॉर्म बनवणाऱ्या आयटी कंपनीने आम्ही तयार आहोत असं लिहून दिलं, पण ते तसं कशाच्या जोरावर म्हणतायत, त्यांच्या खालच्या पुरवठादारांची तयारी झालीय का, याची पुरेशी खातरजमा झाली नाही.

बघ, एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाला जो प्रश्न विचारायला हवा होता तोच प्रश्न तू सहाव्या महिन्यात विचारतेयस. झोप न लागणं मी समजू शकते, पण तू चुकीच्या बाजूला नाहीस.

माझ्या टीममधले लीड डेव्हलपर माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे आहेत. मी त्यांना काम कसं सांगू? स्टँडअपला ते येतच नाहीत. मी सर म्हणतो तर बाकीचे हसतात, नावाने हाक मारायची जीभ रेटत नाही.
(एक वाचक, कोल्हापूर, सध्या नवी मुंबईत ऐरोली)

हाक कशी मारायची ते त्यांनाच विचारून टाक, एका वाक्यात संपतं. सर म्हणायचं असेल तर खुशाल म्हण, हसणारे चार दिवस हसतील. आपल्याकडे वयाचा मान ठेवणं कोणी वाईट समजत नाही, अडचण होते ती मान ठेवता ठेवता प्रश्न विचारायचाच राहून जातो तेव्हा.

आणि काम तू त्यांना सांगूच नकोस, त्यांना तुझ्याहून चांगलं कळतं. तू त्यांच्याकडे प्रश्न घेऊन जा, 'सर, या रिलीजमध्ये तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटतेय?' हा माझा आवडता प्रश्न आहे. पंधरा वर्षं कोड लिहिलेल्या माणसाला कुठे घात होणार हे आधीच दिसत असतं पण त्याला कोणी विचारत नाही. मग ते जे सांगतील त्यातली एक तरी गोष्ट त्याच आठवड्यात सोडवून दाखव, म्हणजे सर्व्हर मिळत नव्हता तो मिळवून दे, रोज दुपारी दोन तास चालणारी एखादी फालतू मीटिंग त्यांच्या कॅलेंडरवरून काढ. माणूस बरोबर यायला लागतो. स्टँडअपला येत नाहीत तर का येत नाहीत ते विचार, कदाचित तो स्टँडअप पाऊण तास चालत असेल आणि त्यांना वेळ वाया जातोय असं वाटत असेल, आणि तसं असेल तर त्यांचं बरोबर आहे. एवढं करूनही माहिती देतच नसतील, तर मग तुझ्या मॅनेजरला सांगायचं, तक्रार म्हणून नाही, 'या मोड्यूलची स्थिती मला सांगता येत नाहीये' एवढंच.

उशीर झालाय म्हणून क्लायंट म्हणतोय अजून चार माणसं टाका, आमचे डिलिव्हरी हेडही तयार आहेत कारण बिलिंग वाढतं. चांगलंच आहे ना?
(एक वाचक, नाशिक)

उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की तो आणखी उशिरा होतो, हे आयबीएममध्ये ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये लिहून ठेवलंय आणि या धंद्यात ते ब्रूक्सचा नियम म्हणूनच ओळखलं जातं. नवीन माणसाला शिकवायला जुनीच माणसं लागतात, म्हणजे जे काम करतायत तेच थांबतात. शिवाय ६ जणांच्या टीममध्ये दोघांदोघांच्या जोड्या १५ होतात, १० जणांत ४५, एवढ्या जणांनी एकमेकांना विचारत बसायचं. माणसं घ्यायचीच असतील तर बाजूला काढता येईल असं काम त्यांना द्या, ऑटोमेशन टेस्टिंग, डेटा तयार करणं, डॉक्युमेंटेशन, मधल्या गाभ्यात नको. हेडना सरळ विचारा की ही माणसं उपयोगी पडेपर्यंत किती आठवडे धरायचे, आणि ते आठवडे प्लॅनमध्ये लिहा.

मी बी.कॉम. आहे, कोडिंग येत नाही. एका क्लासवाल्यांनी सांगितलं की पीएमपी करा, लगेच प्रोजेक्ट मॅनेजरची नोकरी लागेल, फी भरपूर आहे. घरी वडिलांनी कर्ज काढू म्हटलंय. करू का? मी आत्ता एका ऑफिसात अकाउंट्सला आहे, तीन वर्षं.
(एक वाचक, लातूर)

कर्ज काढू नका, आधी हे वाचा. पीएमपी ही अमेरिकेतल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटची परीक्षा आहे, ही संस्था १९६९ पासून आहे आणि सर्टिफिकेटला किंमतही आहे, पण त्या परीक्षेला बसायलाच पदवीधराला प्रोजेक्ट चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव दाखवावा लागतो आणि वर ३५ तासांचं ट्रेनिंग. अकाउंट्समधली नेहमीची कामं त्यात धरत नाहीत. म्हणजे 'लगेच' म्हणणाऱ्या क्लासवाल्यांनी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितलीय. मला याचा फार राग येतो, कारण गावाकडच्या पोरांचे आणि त्यांच्या आईवडिलांचे पैसे यात जातात.

त्याच संस्थेची सीएपीएम नावाची सुरुवातीच्या लोकांची परीक्षा आहे, तिला अनुभव लागत नाही, बारावी आणि २३ तासांचं प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं शिक्षण पुरतं आणि ते तास ऑनलाइन कोर्सनेही भरतात. स्क्रमबद्दल, म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवायच्या पद्धतीबद्दल, वाचायचं असेल तर मूळ स्क्रम गाइड इंटरनेटवर फुकट आहे, २०२० ची आवृत्ती आहे, तेरा-चौदा पानांची, एका संध्याकाळी होते. त्यात एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल की प्रोजेक्ट मॅनेजर नावाची भूमिकाच त्यात नाही, प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर आणि डेव्हलपर्स एवढेच. आपल्याकडच्या सर्व्हिस कंपन्यांत मात्र स्क्रम चालू असूनही पीएम असतो, कारण क्लायंटचं कॉन्ट्रॅक्ट, बिलिंग, माणसं हे सगळं कोणीतरी बघावं लागतं. इंटरव्ह्यूला हे नीट सांगता आलं तरी समोरच्याला कळतं की तुम्ही पाठ करून आलेले नाही.

आणि इथेच तुमचं अकाउंट्स कामाचं आहे. मोठ्या कंपन्यांत पीएमओ, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट ऑफिस, म्हणून टीम असते, प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर, पीएमओ अॅनालिस्ट अशी पदं असतात, तिथे बजेट विरुद्ध खर्च, इन्व्हॉइस, टाइमशीट, रिपोर्ट हेच काम असतं आणि आकड्यांना न घाबरणारा माणूस त्यांना हवा असतो. त्या दाराने आत या. एक्सेल पक्कं करा, पिव्हट टेबल, लुकअप, हे हात न अडखळता आलं पाहिजे. कोड लिहिता नाही आला तरी चालेल पण सॉफ्टवेअर कसं बनतं ते कळायला हवं, डेव्हलपमेंट सर्व्हर आणि प्रॉडक्शन सर्व्हर वेगळे का असतात, एपीआय म्हणजे काय, एखादा बग दुरुस्त केला की जुनं चालणारं पुन्हा का तपासावं लागतं. हे न कळणाऱ्या पीएमला डेव्हलपर काहीही सांगू शकतो आणि त्याला ते खरंच वाटतं. जिराचं छोट्या टीमसाठी फुकट व्हर्जन मिळतं, त्यावर तुमच्याच ऑफिसातलं एखादं काम, समजा वर्षअखेरचं ऑडिट, प्रोजेक्ट म्हणून मांडून बघा, कामं, तारखा, कोणावर काय अडलंय सगळं. मुलाखतीत तेच उघडून दाखवा.

मीटिंगच्या मिनिट्स आता एआयच लिहितं, स्टेटस रिपोर्टही तेच बनवतं. मग आमच्यासारख्या ज्युनियर पीएमचं काय राहणार?
(एक वाचक, पुणे)

काळजी अगदी चुकीची नाही. ज्याचं काम नुसतं टायपिंग आणि रिपोर्ट पुढे ढकलणं एवढंच होतं त्याची जागा कमी होणार, तसं नाही असं सांगून तुम्हाला खोटा धीर देणार नाही. पण एआय मीटिंगमध्ये जे बोललं गेलं ते लिहितं, आणि या नोकरीत महत्त्वाचं असतं ते बोललं न गेलेलं. डेव्हलपर 'होईल' म्हणाला पण म्हणताना थांबला, क्लायंटकडची जी बाई दर वेळी प्रश्न विचारते ती आज गप्प होती, ते तुम्हाला दिसतं आणि नंतर फोन करून विचारता येतं. मिनिट्स त्याला लिहू द्या, वाचून दुरुस्त करा, नावं आणि तारखा हमखास तपासा, आणि वाचलेला वेळ माणसांशी बोलण्यात घाला. क्लायंटची माहिती कुठल्याही टूलमध्ये टाकण्याआधी कंपनीची परवानगी आहे का ते मात्र बघा, यात नोकरी जाऊ शकते.

माझी मुलगी पुण्यात आयटीत आहे, नुकतीच प्रोजेक्ट मॅनेजर झाली. रात्री अकरा-अकरापर्यंत कॉल चालू असतात, जेवणाचा पत्ता नसतो. हे असंच असतं का हो? तिला काही बोललं की चिडते.
(एक आई, सांगली)

काकू, काही प्रमाणात असतं, पण रोज अकरापर्यंत असायलाच पाहिजे असं नाही. क्लायंट कुठला आहे त्यावर बरंच ठरतं. लंडनचा असेल तर तिकडचे सकाळचे नऊ म्हणजे आपले दुपारचे दीड किंवा अडीच, संध्याकाळी सहा-सातपर्यंत सगळं उरकता येतं. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, आणि थंडीत साडेसात. कॅलिफोर्नियाचा असेल तर अवघड आहे, तिथे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ नाहीतर साडेदहा. अमेरिकेत मार्च आणि नोव्हेंबरात घड्याळं एक तास पुढेमागे होतात म्हणून हिवाळ्यात तिचे कॉल आणखी तासभर उशिरा गेलेले तुम्हाला दिसतील.

नवीन पीएमच्या बाबतीत अजून एक होतं, प्रत्येक कॉलला आपण असलंच पाहिजे असं वाटतं, आणि नाही म्हणायची भीती वाटते. बऱ्याच कॉलमध्ये तिची गरज नसते, मिनिट्स वाचून भागतं. काही टीममध्ये उशिराचे कॉल आठवड्यातले दोनच दिवस ठेवायचे असं क्लायंटशी बोलून ठरवतात आणि क्लायंट ऐकतातही, कारण त्यांनाही सकाळी सकाळी रोज मीटिंग नको असते. उशिरा बसलं तर दुसऱ्या दिवशी उशिरा यायची मुभा आहे का हेही तिने मॅनेजरला विचारायला हवं. तिला 'किती वेळ चालणार तुझं' असं विचारलंत तर ती चिडणारच, तिला दिवसभर तेच विचारतात. रविवारी निवांत असताना एवढंच विचारा, की या आठवड्यातला कुठला कॉल तुझ्याशिवाय झाला असता? आणि कॉल असेल त्या दिवशी तिने सातलाच जेवून घ्यावं, डबा तयार असेल तर ती जेवेल.